एक्स-रे संगणकाने वाचला, मग पुढची रांग कुठे लागते?

गावच्या समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागतं. हातात उचलून नेता येईल एवढं एक्स-रे यंत्र, एक लॅपटॉप, एक तंत्रज्ञ आणि नावं लिहून घेणाऱ्या आशाताई. फोटो निघाला की थोड्याच वेळात पडद्यावर छातीचं चित्र येतं, त्यातला एखादा भाग रंगवलेला असतो आणि बाजूला एक आकडा असतो. डॉक्टर तिथे नसतातच. ७ डिसेंबर २०२४ ला क्षयरोगाविरुद्धची १०० दिवसांची मोहीम ३४७ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हापासून हे दृश्य पुष्कळांनी पाहिलं आहे. "संगणकाने टीबी सांगितला" असा निरोप घेऊन माणूस घरी येतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मशीन कशाला खोटं बोलेल? दुसरा म्हणतो, डॉक्टरने बघितलंच नाही, तर तो रिपोर्ट कसला?

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. संगणक रोगाचा निकाल लावत नाही. तो माणसाला एका रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत उभं करतो. म्हणून निदान आणि नंबर लावणं हे दोन विषय वेगळे करून चालत नाही, आणि इथे ते एकत्रच घेतले आहेत.

संगणकाला एक्स-रेमध्ये दिसतं काय?

डिजिटल एक्स-रे म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, याचा एक आकडा. हवेने भरलेलं फुप्फुस काळं दिसतं, हाडं पांढरी दिसतात, आणि जिथे सूज, पाणी किंवा वण असेल तिथे काळ्यात पांढुरका डाग उमटतो. छातीचे डॉक्टर हजारो फोटो पाहून हे डाग ओळखायला शिकतात. संगणकालाही फोटोच दाखवतात, पण लाखांच्या संख्येने, आणि प्रत्येक फोटोसोबत उत्तरही देतात: याला क्षय होता, याला नव्हता. सुरुवातीला त्याचा अंदाज भलताच चुकतो. चुकला की आतली गणितं किंचित सरकवली जातात. पुन्हा अंदाज, पुन्हा दुरुस्ती. असं असंख्य वेळा झाल्यावर न पाहिलेल्या फोटोवरही तो बऱ्यापैकी बरोबर बोलू लागतो. वैद्यकीय एआय म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच.

त्याला काय माहीत नसतं हेही बघायला हवं. जंतू त्याने पाहिलेला नसतो. किती दिवस खोकला आहे, वजन उतरलं का, घरात कोणाला टीबी झाला होता का, यातलं काही तो विचारत नाही. समोरच्या फोटोतली ठिपक्यांची नक्षी शिकवलेल्या क्षयाच्या फोटोंशी किती जुळते, एवढंच तो मोजतो आणि शून्य ते एक किंवा शून्य ते शंभर यांमधला एक स्कोर देतो. स्कोर ७० आला म्हणजे टीबी असण्याची शक्यता ७० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. तो जुळणीचा आकडा आहे. त्यावरून शक्यता काढायची तर आणखी काही माहिती लागते, ती पुढे येईलच.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांच्या क्षयरोग तपासणीसाठी, एक्स-रे वाचणाऱ्या माणसाच्या जागी असं सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. त्यासाठी ज्या तीन प्रणाली तपासल्या गेल्या त्यांतली एक नेदरलँड्सची, एक दक्षिण कोरियाची आणि एक मुंबईच्या कंपनीची होती. लहान मुलांच्या बाबतीत ही मान्यता नव्हती. शिबिरात सात-आठ वर्षांच्या मुलाला रांगेत उभं करण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.

मुळात एक्स-रेची गरजच काय, खोकला असेल त्याची तपासणी करा की, असं कोणी म्हणेल. २०१९ ते २०२१ या काळात भारतात क्षयरोगाची मोठी पाहणी झाली. एक्स-रे न काढता नुसत्या लक्षणांवर विसंबलं असतं, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते, असं तिच्यात दिसलं. म्हणजे दहांतले चार जण, ज्यांना स्वतःला काही होतंय असं वाटतही नव्हतं. आणि गावोगाव एक्स-रे काढायचे तर ते वाचायला तेवढे रेडिओलॉजिस्ट आणणार कुठून? या अडचणीतून संगणक इथवर आला.

कल्पना नवी नाही

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १९७२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अचानक पोट दुखू लागल्यामुळे दाखल झालेल्या ३०४ रुग्णांची लक्षणं एका ठरावीक फॉर्मवर भरून संगणकाला दिली गेली. अपेंडिक्स आहे, पित्ताशय आहे की साधी पोटदुखी, हे त्याने जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून शक्यता मोजून सांगायचं होतं. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं, चमूतल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के. आजच्या मोबाइलपुढे तो संगणक काहीच नव्हता, तरी निकाल असा.

मला मात्र त्या कामातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. प्रयोग चालू असताना तिथल्या डॉक्टरांची स्वतःची निदानंही सुधारली, आणि प्रयोग थांबल्यावर सुधारणा ओसरली. फॉर्म भरायचा म्हणून प्रत्येक रुग्णाला तेच सगळे प्रश्न नीट विचारले जात होते, आणि आपलं निदान बरोबर आलं की चूक हे नंतर कळत होतं. फायद्याचा मोठा वाटा या शिस्तीचा असणार. आज एखादं रुग्णालय लाखोंचं सॉफ्टवेअर घेतं आणि केसपेपरवर मात्र 'ताप, अंगदुखी' एवढ्या दोनच शब्दांची नोंद होते, तेव्हा लीड्सचा अभ्यास आठवतो.

रेघ कोण मारतं?

स्कोर आला, पण किती स्कोरच्या वर 'संशयित' म्हणायचं? ही रेघ संगणक स्वतः मारत नाही. ती माणसं ठरवतात, आणि सगळा खेळ इथेच आहे.

घरात पीठ चाळतो तसं समजा. बारीक जाळीची चाळण घेतली तर कोंडा वर राहतोच, पण त्याच्याबरोबर चांगलं पीठही बरंच अडकतं. मोठ्या भोकांची घेतली तर काम झटपट होतं आणि कोंडा खाली उतरतो. इथे कोंडा म्हणजे रुग्ण, पीठ म्हणजे निरोगी माणसं. जाळी कुठली घ्यायची ते पुढे काय करायचं आहे त्यावर ठरतं. आरोग्य खात्याच्या भाषेतही अशा तपासणीला चाळणी चाचणीच म्हणतात.

आता प्रत्यक्ष हिशेब करून बघू. वर सांगितलेल्या पाहणीत १५ वर्षांवरच्या एक लाख लोकांमागे ३१६ जणांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय आढळला होता. तोच आकडा धरू. एका तालुक्यात १०,००० प्रौढांचे एक्स-रे काढले, तर त्यांत साधारण ३२ जण क्षयाचे असतील. रेघ अशी मारली की ज्यांना क्षय आहे त्यांतले ९० टक्के पकडले जावेत, आणि ज्यांना नाही त्यांतले ७० टक्के योग्यरीत्या 'ठीक' ठरावेत. अशा प्राथमिक चाचणीने निदान एवढं तरी करावं, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे.

३२ पैकी २९ सापडले, ३ निसटले. छान वाटतं. पण उरलेल्या ९,९६८ निरोगी माणसांतल्या ३० टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २,९९० जणांवरही संशयाची खूण पडली. एकूण संशयित ३,०१९. त्यांत खरे रुग्ण २९. एकशे चार जणांना 'संशयित' म्हटलं तेव्हा एक खरा निघाला.

रेघ वर नेली, अशी की रुग्णांपैकी ७० टक्केच पकडले जातील पण निरोग्यांपैकी ९५ टक्के सुटतील, तर संशयित सुमारे ५२० वर येतात. पण रुग्ण सापडतात २२, आणि १० जण 'तुम्ही ठीक आहात' असं ऐकून घरी जातात, घरातल्यांशेजारी झोपतात, खोकत राहतात. (दुसऱ्या रेघेचे टक्के मी हिशेबासाठी धरले आहेत. खऱ्या प्रणालीत ते सॉफ्टवेअरप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतात.)

यांतली कोणती रेघ बरोबर? याचं उत्तर कुठल्याही संगणकाकडे नाही. एक रुग्ण निसटू नये म्हणून किती निरोगी माणसांना हेलपाटा घालायला लावायचा, हा निर्णय समाजाने आणि आरोग्य खात्याने घ्यायचा आहे. तो उघडपणे घेतला जावा आणि लोकांना कळावा, असं मला मनापासून वाटतं. आज शिबिरातल्या माणसाला ही रेघ असते हेसुद्धा माहीत नसतं.

यंत्र तेच, जागा वेगळी, अर्थ वेगळा

आता तेच यंत्र, तीच रेघ, पण ते शिबिरातून उचलून छातीच्या ओपीडीत ठेवा. तिथे येणारा प्रत्येक जण तीन आठवडे खोकतोय, कोणाचं वजन उतरलंय, कोणाला संध्याकाळी ताप येतोय. अशा १,००० जणांत समजा १०० जणांना क्षय आहे. त्यांतले ९० पकडले जातील, आणि ९०० निरोग्यांपैकी २७० जणांवर चुकीची खूण पडेल. एकूण ३६०, त्यांत खरे ९०. म्हणजे चारांत एक. शिबिरात हेच प्रमाण शंभरांत एकाहून कमी होतं.

यंत्र बिघडलं नाही, सुधारलंही नाही. त्याच्यापुढे आलेली माणसं बदलली. 'आमची प्रणाली ९० टक्के अचूक आहे' अशी जाहिरात वाचली की कुठे, कोणत्या लोकांत, हे लगेच विचारायला हवं. स्कोरचा अर्थ लावायला जी जास्तीची माहिती लागते असं वर म्हटलं, ती हीच: समोरच्या माणसाला रोग असण्याची शक्यता एक्स-रेच्या आधी किती होती. चांगला डॉक्टर हे न सांगता करत असतो. तुमचं वय, काम, घर, खोकल्याचा आवाज, सगळं मनात धरूनच तो फोटोकडे बघतो.

मग डॉक्टर हुशार की मशीन?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर देतो. ढाक्यामध्ये जवळपास २४ हजार लोकांच्या एक्स-रेवर पाच प्रणाली तपासल्या गेल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. क्षय असलेले कोण हे ओळखण्यात पाचही प्रणाली तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. म्हणजे ठरावीक एका कामात मशीन मागे नाही, हे मान्य करायला हवं.

पण त्याच अभ्यासात, वय जास्त असलेल्यांत आणि आधी क्षय होऊन गेलेल्यांत या प्रणाली कमी पडल्या. कारण समजण्यासारखं आहे. बऱ्या झालेल्या क्षयाचा वण फुप्फुसावर राहतो, आणि फोटोत जुना वण आणि नवा रोग वेगळा काढणं कठीण असतं. आपल्याकडे गिरणीत, खाणीत, दगड फोडण्याच्या कामावर आयुष्य गेलेली आणि एकदा टीबीची गोळ्यांची सहा महिन्यांची फेरी पूर्ण केलेली माणसं कमी नाहीत.

दुसरी गंमतीची वाटणारी पण गंभीर गोष्ट अमेरिकेतली. २०१८ च्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखायला शिकवलेल्या प्रणालीने भलताच शॉर्टकट शोधल्याचं दिसलं. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातून आला हे ती फोटोवरूनच ओळखत होती. कोपऱ्यात तंत्रज्ञ जी धातूची खूण ठेवतात तीही तिच्या उपयोगी पडत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, म्हणून तिथला फोटो दिसला की अंदाज न्यूमोनियाकडे झुकायचा. फुप्फुसाकडे बघण्याची गरजच उरली नाही. नव्या रुग्णालयात नेल्यावर हा शॉर्टकट कामी येईना. म्हणून परदेशात किंवा मोठ्या शहरात उत्तम चाललेली प्रणाली गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये तशीच चालेल असं गृहीत धरता येत नाही. तिथल्या लोकांवर, तिथल्या यंत्रांवर ती आधी तपासावी लागते.

आणि कधी कधी अडचण गणितात नसतेच, खोलीत असते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणच्या फोटोंवरही तयार झाली होती आणि कागदावर तिचे निकाल अत्यंत चांगले होते. थायलंडच्या ११ दवाखान्यांत ती प्रत्यक्ष वापरली गेली तेव्हाचा अनुभव २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २१ टक्के फोटो पुरेसे स्पष्ट नाहीत म्हणून प्रणालीने नाकारले. खोलीत नीट अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रेंगाळत होतं, परिचारिकांवर आधीच कामाचा ढीग होता. फोटो नाकारला गेला की रुग्णाला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तज्ज्ञाला दाखवायला जावं लागे, तेही कामावर खाडा करून. आणि त्यातल्या काहींच्या डोळ्याला काही झालेलंच नसायचं.

खूण पडल्यानंतरची वाट

इथून विषय रांगेकडे वळतो. तालुक्यातल्या त्या ३,०१९ संशयितांचं पुढे काय होतं?

नुसत्या एक्स-रेवरून क्षयाचे उपचार सुरू करायचे नसतात, आधी जंतूची तपासणी व्हायला हवी. त्यासाठी थुंकीची तपासणी, आणि आता बहुतेक ठिकाणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे नमुन्यात जंतूचे जनुक शोधणारी यंत्रं. ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं यंत्र. बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२० मध्ये मान्य केलं.

समजा तालुक्याला एकच सीबीनॅट आहे, त्यात एका वेळी चार नमुने बसतात आणि एका फेरीला दोन तास लागतात. आठ तासांच्या दिवसात १६ नमुने. ३,०१९ नमुन्यांना १८९ कामाचे दिवस लागतील. रेघ वर नेली तर ५२० नमुन्यांना ३३ दिवस. एक्स-रेचा निकाल थोड्याच वेळात, आणि रांगेत शेवटी असलेल्याचा पुढच्या तपासणीचा नंबर सात महिन्यांनी. एवढ्या काळात माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असतो किंवा मुंबईला.

शिवाय ज्याला खोकलाच नाही त्याच्याकडून बेडका मिळवणं अवघड. पुष्कळदा डबीत लाळ येते आणि तपासणी फुकट जाते. सकाळी उठल्याबरोबर, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, हे समजावून सांगायला माणूसच लागतो. त्याला वेळ द्यावा लागतो, तो वेळ कुणाच्या तरी कामाच्या तासांत धरावा लागतो.

म्हणून मी म्हणतो, रांग नाहीशी झालेली नाही. एक्स-रे वाचणाऱ्यापुढे होती, ती प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. सॉफ्टवेअरसाठी पैसे मंजूर करताना त्याच फाइलमध्ये लॅब टेक्निशियनच्या रिकाम्या जागा भरण्याचा आणि नमुने वाहून नेण्याचा खर्च नसेल, तर ती योजना अर्धवट आहे.

ओपीडीत दोन तास का जातात?

नंबर लावण्याचं गणित निदानाच्या गणिताहून जुनं आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी ते मांडलं. फोन कधीही येतात, प्रत्येक बोलणं कमीजास्त लांबतं, मग ऑपरेटर किती ठेवायचे? फोनच्या जागी रुग्ण ठेवा.

डॉक्टर एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटं देतात, कोणाला तीन तर कोणाला पंधरा. रुग्ण मनाला येईल तेव्हा येतात. तासाला सरासरी ८ रुग्ण आले तर डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असतात आणि रुग्णाला सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. तासाला ९ आले तर? वाटेल की दोन-चार मिनिटं वाढतील. वाढून ती ५४ होतात. साडेनऊच्या सरासरीला ११४ मिनिटं. दहा झाले, म्हणजे डॉक्टरांचं प्रत्येक मिनिट भरलं, की रांग दिवसभर वाढतच राहते. हे सर्वांत साध्या सूत्राचे आकडे आहेत. खऱ्या ओपीडीत सगळे सकाळी साडेआठलाच येतात, कारण गावाहून एसटी तेव्हाच पोहोचते, त्यामुळे अवस्था आणखी बिकट असते.

यातून निघणारी गोष्ट अनेक प्रशासकांना रुचत नाही. डॉक्टरांचा एक क्षणही मोकळा राहू नये असं वेळापत्रक बसवलं की रांग अपरिहार्य होते. थोडा मोकळा वेळ ठेवला तरच ती आटोक्यात राहते. नॉर्मन बेली या इंग्रज गणितज्ञाने १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांवर काम करून एक साधा नियम सुचवला होता: सुरुवातीला दोन रुग्णांना बोलवा म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत, आणि मग सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला वेळ द्या. सत्तर वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे 'सकाळी ९ ते १' एवढीच वेळ शंभर जणांना दिलेली असते.

संगणक इथे खरंच कामाचा आहे. कोणत्या रुग्णाला किती वेळ लागेल याचा अंदाज तो जुन्या नोंदींवरून बांधू शकतो. बीपी-शुगरच्या फॉलोअपचे रुग्ण एका वेळेत, नव्या तक्रारींचे दुसऱ्या वेळेत, एवढं जरी केलं तरी चढउतार कमी होतो आणि चढउतार कमी झाला की तेवढ्याच डॉक्टरांत थांबणं घटतं. आदल्या दिवशी मेसेज पाठवला की न येणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, हे बऱ्याच देशांत दिसलं आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची क्यूआर कोडची सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत सुरू झाली. दारावरचा कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव-पत्ता थेट नोंदणीत जातो आणि टोकन मिळतं. केसपेपरच्या खिडकीपुढचं तिष्ठत उभं राहणं त्याने वाचतं, ते चांगलंच आहे. डॉक्टरांच्या दारासमोरची रांग मात्र त्याच वेगाने पुढे सरकते. ज्या आजीकडे साधा फोन आहे तिच्यासाठी जुनी खिडकीही उघडी राहायला हवी.

गैरहजर राहणाऱ्याचा अंदाज

एका वापराबद्दल मला काळजी वाटते. कोण रुग्ण येणार नाही याचा अंदाज संगणक बांधतो, आणि त्याच्या वेळेवर दुसऱ्या कोणाला बोलावून ठेवतो. जागा वाया जात नाही, असं वाटतं. पण वेळ कोण चुकवतं? ज्याची एसटी रद्द होते, ज्याला मुकादम सुट्टी देत नाही, जिच्या घरी लहान मूल सांभाळायला कोणी नसतं. संगणक या कारणांना ओळखत नाही, त्याला दिसतो तो मागचा गैरहजेरीचा शेरा. मग अशांच्याच वेळेवर दोघंदोघं बोलावले जातात, दोघंही आले तर थांबावं लागतं ते त्यांनाच, आणि पुढच्या वेळी ते कंटाळून येत नाहीत. अमेरिकेत या पद्धतीने कृष्णवर्णीय रुग्णांना जास्त ताटकळावं लागतं हे संशोधकांनी दाखवलं आहे. उपाय उलट दिशेने हवा: ज्याची गैरहजेरीची शक्यता जास्त त्याला आधी फोन करा, त्याच्या एसटीच्या वेळेची अपॉइंटमेंट द्या. अंदाज तोच, वापर माणुसकीचा.

काही आक्षेप

"डॉक्टर मशीनवर विसंबून आळशी होतील." ही भीती खोटी नाही. पोलंडमध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीत गाठी दाखवून देणारं एआय आल्यावर, ते बंद असताना अनुभवी डॉक्टरांचं गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं, असा अभ्यास २०२५ मध्ये आला. यंत्राशिवाय वाचण्याचा सराव चालू ठेवणं, विशेषतः शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी, भागच आहे.

"सतत इशारे देणारी प्रणाली असली म्हणजे कोणी निसटणार नाही." असं होत नाही. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या, रक्तातल्या जंतुसंसर्गाचा धोका सांगणाऱ्या एका प्रणालीची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासणी झाली. तिने दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर इशारे दिले आणि तरीही ६७ टक्के खरे रुग्ण तिच्या हातून सुटले. दिवसभर वाजणाऱ्या इशाऱ्यांकडे परिचारिका लक्ष देईनाशा झाल्या तर दोष त्यांना देता येत नाही.

"मग एआयचा उपयोग तरी काय?" स्वीडनमधलं उदाहरण बघा. तिथे स्तनांच्या एक्स-रेचा प्रत्येक फोटो दोन रेडिओलॉजिस्ट वाचायचे. ८० हजारांहून जास्त स्त्रियांच्या चाचणीत संगणकाने धोका कमी ठरवलेले फोटो एकानेच वाचले, जास्त धोक्याचे दोघांनी. २०२३ चे निकाल असे: हजारामागे सापडलेले कर्करोग ५.१ ऐवजी ६.१, आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी. निदान माणसांनीच केलं, त्यांचा वेळ कुठे लावायचा ते संगणकाने सुचवलं. मला या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणा वापर वाटतो.

"चूक झाली तर जबाबदार कोण?" भारतात निदानासाठीचं सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. त्याच वर्षीच्या टेलिमेडिसिन नियमांनुसार एआय डॉक्टरांना मदत करू शकतं, रुग्णाला सल्ला किंवा औषध लिहून देऊ शकत नाही; ते काम नोंदणीकृत डॉक्टरचंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. थोडक्यात, सही ज्याची जबाबदारी त्याची. मोबाइलवरच्या गप्पा मारणाऱ्या एआयला रिपोर्टचा अर्थ विचारणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. तिथे सही कोणाचीच नसते.

"आमची माहिती सुरक्षित आहे का?" नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचं काम कित्येक दिवस हाताने करावं लागलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. तरीही कागदावर काम चालवता येण्याची तयारी प्रत्येक रुग्णालयाने ठेवायलाच हवी.

तुमच्या एक्स-रेवर खूण आली तर

घाबरून जाऊ नका, आणि कागद घडी घालून कपाटातही ठेवू नका. शिबिरात खूण पडलेल्या बहुतेकांना क्षय नसतो, हे वर आकड्यांत पाहिलं. पण ज्यांना असतो त्यांच्यासाठी ती खूण फार मोलाची आहे. जंतूची तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होणार, आणि निकाल कोण कळवणार, हे शिबिरातून निघण्याआधी विचारून लिहून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत असते आणि औषधंही मोफत. रोग निघालाच तर उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते.

आधी कधी टीबी होऊन गेला असेल तर ते तंत्रज्ञाला आवर्जून सांगा, जुना एक्स-रे असेल तर बरोबर न्या. जुना वण नव्या डागाशी ताडून पाहणं हे संगणकाला अजून नीट जमत नाही, डॉक्टरांना मात्र दोन्ही फोटो शेजारी धरून ते करता येतं. गरोदर असाल तर यंत्रासमोर उभं राहण्याआधी सांगा. आणि खूण आली नाही, पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, तर 'कॉम्प्युटरने ठीक सांगितलंय' म्हणून थांबू नका. निसटलेल्या त्या तिघांत तुम्ही असू शकता. सरळ आरोग्य केंद्रात जा आणि बेडक्याची तपासणी मागा.